नानांच्या गाडीचा मागचा वायपर

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका गाडीची चव घेत होते.

खेडहून नोकरीसाठी आलेली मी, भाड्याची खोली शोधत भाईंदरजवळच्या राई गावापर्यंत पोचले होते. अरुंद गल्लीच्या अगदी शेवटी एक दुमजली घर, पुढे जुनी पांढरी हॅचबॅक, आणि तिच्याजवळ लुंगी-बनियनमधले एक उंच, काळेसावळे गृहस्थ. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं, डोळे मिटून क्षणभर थांबले आणि वर बघून ओरडले, "खारीवरचा वारा फिरला. कपरं आत घे गं!"

वरच्या गॅलरीत त्यांची बायको होती. तिने लगेच दोरीवरचे कपडे काढायला सुरुवात केली. मी बॅग खांद्याला लावून तशीच उभी. पाचेक मिनिटांत खाडीकडून भुरभुर आलीच. खोली मी न बघताच पसंत केली.

सगळी राई त्यांना नाना म्हणायची आणि बायकोला नानी. नानांचं अर्धं आयुष्य मिठागरावर गेलेलं. कोंडीतल्या, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून, चाटून, मीठ कधी धरेल ते सांगण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. मिठागरं बंद झाली, पण बोटाची आणि जिभेची सवय काही सुटली नाही. नवीन माठ, घराचा नवा रंग, वाण्याकडचा साबण, सगळ्याला आधी जीभ लागायची. एकदा माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपकडे त्यांनी अशा काही नजरेने पाहिलं की मी तो पटकन मिटून पिशवीत टाकला.

भाडेकरू म्हणून माझी मुलाखत अशी झाली.

"गारी चालवतां येते?"

"नाही, नाना."

"मंग शिकावी लागल. या घरात गारी न येनारा मानूस रात न्हाय."

मला वाटलं, गंमत करतायत. पुढच्याच रविवारी त्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि पहिला गिअर शिकवायच्या आधी रिव्हर्स शिकवला. "पुढं जायला कोन बी शिकवल, बाय," ते म्हणाले. "पुढं तर म्हस पन जाते." महिनाभर मी नुसती मागे जात होते. लायसनच्या परीक्षेला मी गाडी इतकी झोकात मागे घेतली की परीक्षा घेणारे साहेब खूश झाले. मग ते म्हणाले, आता पुढे घ्या, आणि गाडी तीनदा बंद पडली.

यामागे कारण होतं, आणि ते नानांनीच करून ठेवलेलं. घरासमोर पूर्वी त्यांचं खळं होतं. भात झोडायचं ते तिथे आणि बैलगाडी वळायची तीही तिथेच. पुढे आजूबाजूला बिल्डिंगी उठायला लागल्या, तसं नानांनी खळं एका बिल्डरला विकून टाकलं. कागद झाले, पेढे वाटले, कंपाउंडची भिंत उभी राहिली. मग नाना नवी गाडी घेऊन दारात आले, नारळ फोडला, आणि गाडी वळवायला गेले तर वळायला जागाच नाही! अख्ख्या सौद्यात ही गोष्ट ना त्यांच्या लक्षात आली ना भावकीतल्या कुणाच्या. तेव्हापासून त्या गल्लीत येणारी प्रत्येक गाडी देवळापाशी तोंड फिरवते आणि शेपटाकडून आत शिरते. रिक्षावाले देवळापाशीच हात जोडतात. सिलिंडरचा टेम्पोसुद्धा उलटा येतो, आणि गल्लीतली ओट्यावर बसलेली माणसं चहाचा कप न ठेवता ओरडतात, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!"

खळ्याचा विषय नानांपुढे कुणी काढत नसे. चुकून निघालाच तर ते उठून गाडीची काच पुसायला लागायचे. पुढची नव्हे, मागची. पुढच्या काचेवर कावळ्यांनी काहीही करून ठेवलं तरी त्यांचं काही म्हणणं नसे. मागच्या काचेवर मात्र डाग दिसता कामा नये. तिच्यावरचा तो एकुलता एक छोटा वायपर म्हणजे त्यांचा लाडका. पावसाळ्याआधी त्याचं रबर बदललं जाई, आणि पुढचे दोन वायपर फाटक्या रबराने किर्रकिर्र करत राहत.

गाडीची डिकी ही नानांची बैठक. संध्याकाळी चार वाजले की मागचं झाकण वर जायचं, आत जुनी गोधडी अंथरली जायची आणि नाना पाय खाली सोडून बसायचे. चहा तिथेच, पेपर तिथेच, गावच्या भांडणांचा निवाडा तिथेच. पाऊस आला की झाकणाचं छप्पर डोक्यावर. कुणी नकोसा माणूस येताना दिसला की नाना पाय आत घेऊन झाकण ओढून घ्यायचे, तो गेला की पुन्हा उघडायचे. रात्रीपर्यंत ती धाडधाड चालू असे. नानी म्हणायची, "घराला येवरा ओटा हाय, त्याव बसाला काय काटे लागलेत?" नाना म्हणायचे, "ओटा जागचा हलत न्हाय."

आता गणपतीचं सांगते, कारण वायपरची गोष्ट खरी तिथेच आहे.

आमच्या खेडला गणपती घरी आणतात तो तोंडावर रुमाल झाकून, आणि रुमाल काढतात तो घरात आल्यावर. नानांच्या घरची रीत वेगळी. रुमाल गल्लीच्या तोंडाशी, देवळापाशी काढायचा आणि तिथून बाप्पाने घराकडे बघत बघत यायचं. वडील गेल्यापासून दरवर्षी नाना स्वतः मूर्ती घेऊन येत. डोक्यावर पाट, पाटावर बाप्पा, तोंड पुढे. मग गुडघे गेले. पाट डोक्यावर घेऊन चालणं जमेना. तेव्हा त्यांचा पुतण्या म्हणाला, मी आणतो. नाना म्हणाले, "मी मेलो काय?" आणि त्यांनी बाप्पाला डिकीत बसवलं.

नानीने आकांत केला. "देवाला डिकीत? लोक काय म्हनतील?"

"अगं, गारी उलटी जानार," नाना म्हणाले. "म्हंजे डिकी झाली पुढं. बाप्पा पुढच्या शीटवर, आपन त्याच्या मागं. कोनाचा मान गेला?"

नानीने भटजींना विचारलं, तर तेही म्हणाले, खरं आहे. बाप्पा काचेला तोंड करून पाटावर बसायचा, नानी मागच्या सीटवर वळून दोन्ही हातांनी पाट धरायची, आणि नाना रिव्हर्स टाकायचे. अशी बरीच वर्षं गेली.

मी राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी मात्र घात झाला. भर पावसात, गल्लीच्या मध्यावर, मागचा वायपर बंद पडला आणि नानांनी गाडी थेट शेजारच्यांच्या तुळशीवृंदावनावर घातली. वृंदावनाचा कोपरा गेला. शेजारी भला माणूस, काही बोलला नाही. नानी बोलली. तिने सगळ्या गल्लीदेखत सांगितलं की पुढच्या वर्षी मागचा वायपर चालला तर बाप्पा या गाडीतून येईल, नाहीतर पुतण्या आणेल, चालत, चारचौघांसारखा. नानीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. नानांनी मान डोलावली, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं नंतर नानीनेच मला सांगितलं.

वायपर त्यानंतर कधी चाले, कधी न चाले. गणपती आठवड्यावर आले तसा तो पुरता बसला. नाना मला घेऊन भाईंदरला, केबिन रोडजवळच्या गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाला त्यांचा जुना दोस्त, उत्तरेकडचा, मिशा पिळणारा. त्याने झाकण वर केलं, आतलं कव्हर काढलं, मला आत बसून खटका फिरवायला सांगितलं. वायपर सळसळ चालायला लागला.

"नाना, ये तो मक्खन है! क्या बिगड़ा है?"

नाना खूश. झाकण लावलं, राईला आलो, देवळापाशी गाडी फिरवली, खटका फिरवला. वायपर ढिम्म.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅरेज. झाकण वर, खटका, सळसळ. त्याने फ्यूज बदलला, ग्रीस घातलं, समाधानासाठी म्हणून रबरही बदललं. राईला आलो. ढिम्म. तिसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने मिशी पिळणंच सोडून दिलं. "नाना, आपकी गाड़ी को कोई नज़र लगी है. मेरे सामने तो बराबर चलती है."

परतीच्या वाटेवर, रेल्वेच्या फाटकापाशी नाना एकदम म्हणाले, "भाईंदरला चालतं, राईला न्हाय. म्हंजे हवा हाय. खारी हवा." घरी आल्या आल्या त्यांनी वायपरचा दांडा चाटला. "मीठ चढलंय," असा निकाल दिला आणि माझ्याकडे केस वाळवायचं मशीन मागितलं. ते संपूर्ण संध्याकाळ गाडीच्या ढुंगणाला गरम वारा देत बसले. सगळी गल्ली बघायला जमली. कुणीतरी म्हणालं, "नाना, कंगवा पन फिरवा." शेवटी माझं मशीन जळलं आणि वायपर काही हलला नाही.

गणपती दोन दिवसांवर आले. पुतण्याने नवा पाट आणला आणि ओट्यावर ठेवला. तो बिचारा वाईट मनाचा नव्हता. बाप्पा कुणीतरी आणायलाच हवा, एवढंच त्याचं म्हणणं. नानांनी पाटाकडे पाहिलं, त्याला जीभ लावली नाही, काही नाही. उठले, चहाचा कप उचलला, डिकीचं झाकण वर केलं आणि आत जाऊन बसले. बाहेर रिपरिप चालली होती. इतक्या बडबड्या माणसाला मी तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. काय करावं सुचेना, म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले आणि उगाचच खटका फिरवला.

वायपर चालायला लागला! वर उचललेल्या झाकणाच्या काचेवर तो डावीउजवीकडे मजेत झुलायला लागला आणि काचेवरचं सगळं पाणी नानांच्या चहात आणि गुडघ्यांवर पडायला लागलं.

"चालतोय! नाना, चालतोय!"

नाना धडपडत बाहेर आले, त्यांनी झाकण आपटून बंद केलं आणि काचेपाशी डोळे लावले. वायपर मध्येच आडवा पडून राहिला. "मेला," नाना म्हणाले.

नानी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "झाकन वर करा."

नानांनी केलं. वायपर चालू.

"खाली."

बंद.

"वर."

चालू. नानी पदर खोचून पावसात आली. झाकण जिथे गाडीच्या छपराला जोडलेलं असतं तिथे वायरींवरून एक रबरी नळी गेलेली असते. ती तिने बोटांनी मागे सरकवली. आतली एक वायर तुटलेली, जेमतेम एका केसावर लोंबत होती. झाकण वर असलं की टोकाला टोक लागायचं, खाली आलं की सुटायचं. गॅरेजवाला दर वेळी झाकण उघडूनच तपासत होता. त्याला कळणार कसं?

"दिसभर उघर-झाक, उघर-झाक," नानी म्हणाली. "मानसाची मान असती तरी तुटली असती. केली कोनी? तुमीच. आनि नाव खारीच्या वाऱ्याचं."

नानांनी इतक्या आनंदाने अपमान करून घेतलेला मी पुन्हा पाहिला नाही. गॅरेजवाला दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः राईला आला, वायर जोडली, चहा प्यायला आणि मिशीला पुन्हा पीळ देत गेला. नानीने एकच अट घातली: बाप्पा घरात येईपर्यंत डिकीत बसायचं नाही. नाना दोन दिवस ओट्यावर बसले. सारखे उठत होते, बसत होते. त्यांना खरंच काटे लागत होते.

गणपतीच्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. मूर्ती घेऊन आम्ही देवळापाशी आलो. मी नानांच्या शेजारी, मांडीवर दुर्वा आणि फुलं. मागे नानी पाट धरून. नानीने बाप्पाच्या तोंडावरचा रुमाल काढला. नानांनी रिव्हर्स टाकला आणि खटका फिरवला. मी वळून मागे पाहिलं. वायपर चालत होता. काच स्वच्छ होत होती, पुन्हा भिजत होती, पुन्हा स्वच्छ होत होती.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ड्रायव्हरच्या सीटवरून त्या काचेतलं काहीसुद्धा दिसत नव्हतं. मध्ये नानीचा खांदा, बाप्पाचा मुकुट, त्याची प्रभावळ. अख्खी काच बाप्पाने अडवलेली. नाना तर आरशातही बघत नव्हते. खिडकीतून मान बाहेर काढून, नखशिखान्त भिजत, ते भिंतीच्या कडेकडेने गाडी मागे घेत होते.

"नाना," मी म्हटलं, "तुम्हाला मागचं काहीच दिसत नाहीये!"

"मना कशाला दिसाला पायजे? मना वाट पाठ हाय."

"मग हा वायपर?"

"मना न्हाय गो. त्याला." त्यांनी अंगठ्याने मागे दाखवलं. "वर्साला एकदा येतो तो. दर वर्साला गाव वेगला दिसते. कालची नारलांची वारी आज न्हाय, तिथं बिल्डिंग. त्याला घर वलखाला नको?"

मला हसू आलं. मागून नानी म्हणाली, "गेल्या वर्साला यो वायपर मेला. मंग हे मान मागं वलवून त्यालाच सांगत बसले, काय दिसत न्हाय तर मी सांगतो, हितं हे झालं, तितं ते झालं. आनि घातली गारी तुलशीवर." ती पाट सावरत म्हणाली, "म्हनून म्हनलं, आधी वायपर. त्याचं त्याला दिसू दे, हे रस्त्याकडं बघतील."

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला वाटत होतं, नानी नानांना अडवतेय.

आम्ही मागे मागे जात होतो. ओट्याओट्यांवरून लोक ओरडत होते, "येऊ दे, येऊ दे!" तुळशीवृंदावनापाशी शेजारी छत्री घेऊन उभा होता. त्याने आपल्या नव्या वृंदावनावर हात आडवा धरला, तेवढाच खबरदारीचा उपाय. गाडी हातभर अंतरावरून गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुतण्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या.

घर आलं. तिथे समोर बिल्डरच्या कंपाउंडची ती भिंत. नानांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं नाही. वायपर चालू होता. भिजलेली मान आत घेऊन, बाप्पाच्या पाठीकडे बघत ते हलक्या आवाजात म्हणाले, "हितं खला व्हता. तुझा मांडव हितंच परायचा. मी इकला. दर वर्साला सांगीन म्हनतो, सांगाचं रातं." मग म्हणाले, "घर मातर तेच हाय. बघ."

वायपर एकदा फिरला, दोनदा फिरला. मग नानी म्हणाली, "बघितलं त्याने. आता उतरा. तो कोरडा हाय, तुमीच भिजलांव."

पुढे माझं लग्न झालं, आम्ही भाईंदर पूर्वेला फ्लॅट घेतला. गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलो तेव्हा नवरा इंजिनाचं विचारत होता, मी एवढंच विचारलं की मागच्या काचेला वायपर आहे का. विक्रेता म्हणाला, मॅडम, मागे कॅमेरा आहे, वायपर कशाला? मी म्हटलं, कॅमेरा मला. वायपर हवाच. नवऱ्याने कपाळाला हात लावला, पण वायपरवालीच घेतली.

नानांच्या डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. पांढरी गाडी दारातच उभी आहे. चालत नाही, पण डिकी उघडते आणि नाना तिच्यात बसतात. वारा कुठला ते अजून बिनचूक सांगतात. पुतण्याने यंदा स्वतःची मोठी, नवी गाडी घेतली. मला वाटलं, आता बाप्पा तिच्यातून येणार. तेच योग्यही होतं.

गेल्या आठवड्यात नानांचा फोन आला. खुशाली नाही, पाऊसपाणी नाही.

"तुझ्या गारीला मागं वायपर हाय ना?"

"आहे, नाना."

"चालतो? झाकन लावून बघितलास?"

मी तशीच चपला घालून खाली गेले. डिकीचं झाकण नीट लावलं, आत बसून खटका फिरवला, मागे वळून पाहिलं.

"चालतो, नाना."

"मंग गनपतीला ये," ते म्हणाले. "पुतन्याच्या गारीला न्हाय."